नांगर टाकला तो दिवस

ज्या राष्ट्राला आपल्या युद्धनौका जपता येत नाहीत त्याने समुद्राकडे तोंड करून उभं राहू नये, असं एक तेजस्वी वाक्य धक्क्याला बांधलेल्या त्या जुन्या युद्धनौकेच्या शिडीपाशी पितळी पाटीवर कोरलेलं होतं. पाटी पहिल्याच आठवड्यात चोरीला गेली. आता तेच वाक्य पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं होतं आणि त्यातला 'तोंड' हा शब्द पुसला गेला होता.

नौकेचा पराक्रमही तसा बेताचाच. अख्ख्या युद्धात तिने एकदाच तोफ डागली, तीही सलामीची. तरी दर शनिवारी दहाबारा माणसं तिचा गंज खरवडायला येत, फुकट येत आणि वर आपापला डबा घेऊन येत. त्यांचा म्होरक्या 'कप्तान' हा पोस्टातून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याला धक्क्यावर उभं राहूनसुद्धा बोट लागायची.

या मंडळींत एक दातांचे डॉक्टर होते. हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी दवाखाना बंद केला. थरथरता हात दुसऱ्याच्या तोंडात घालायचा धीर डॉक्टरांना होता, पेशंटांना नव्हता. घरी बसल्यावर हळूहळू त्यांची गणना सामानात होऊ लागली. जावई यायचा, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसायचा आणि सासूला विचारायचा, "बाबांची झोप कशी आहे हल्ली?"

नौकेवर मात्र त्यांच्या वाट्याला रहाट आला. नांगराची साखळी सोडायचं आणि ओढायचं ते यंत्र गंजून एक ढेकूळ झालं होतं. डॉक्टरांनी ते दाढेसारखं हाताळलं. छोट्या आरशाने फटीत बघायचं, आकडीने कीड काढायची, निरोगी धातू लागेपर्यंत खरवडायचं आणि मग भरायचं. "दुखलं तर हात वर करा," असं ते सवयीने रहाटाला म्हणत. हात थरथरतो अशी त्याची कधी तक्रार नव्हती. चार वर्षांनी रहाटाचा ब्रेक सुटू लागला, बसू लागला. त्या दिवशी डॉक्टर घरी दोन घास जास्त जेवले.

नांगर टाकून बघायला मात्र कप्तानाने सक्त मनाई केली. पहिला नांगर मंत्र्याच्या हस्ते टाकायचा, असं त्याचं ठरलं होतं. मंत्र्याला कळवलंही होतं. मंत्री दरवर्षी 'बघू' म्हणायचा.

अशा एका शनिवारी मंत्र्याऐवजी बंदर अधिकारी आला. सोबत नौका ओढून न्यायला टगबोट होती.

"उतरा सगळे!" तो धक्क्यावरून ओरडला. "नौका भंगारात चाललीय. ही जागा तरंगत्या हॉटेलला दिलीय."

"कर्मचारी वर असताना नौका ओढता येत नाही," कप्तान म्हणाला. हा नियम त्याने तिथल्या तिथे केला होता.

"कुठायत कर्मचारी?"

"हे काय!"

अधिकाऱ्याने पाहिलं. एकाच्या गुडघ्याला पट्टा होता. दुसरा कानातलं यंत्र बसवत "काय म्हणतोय?" असं तिसऱ्याला विचारत होता.

"पोलीस बोलावतो," अधिकारी म्हणाला.

हे मात्र कानातल्या यंत्राशिवायही ऐकू आलं. बघता बघता सगळ्यांना घरची कामं आठवली आणि शिडीवर गर्दी झाली. टगबोटीच्या लाटांनी कप्तानाला बोट लागली, तो कठड्यावर ओणवा झाला. रहाटापाशी डॉक्टर एकटे उरले.

तेवढ्यात त्यांची बायको धक्क्यावर आली. "डबा विसरलात," असं म्हणत ती शिडी चढून थेट वर आली.

"काकू, तुम्ही तरी समजवा काकांना," अधिकारी खालून म्हणाला. "वय झालंय त्यांचं. या वयात घरी आराम करायचा, का गंज उकरायचा?"

बाईंनी हेच वाक्य नवऱ्याला इतकी वर्षं ऐकवलं होतं. पण घरचं वाक्य परक्याच्या तोंडात सापडल्यावर त्यांचं टाळकं सणकलं.

"त्यांचं वय मी काढेन, तुम्ही काढू नका. आणि हे घरी बसले की अख्खा पेपर मला मोठ्याने वाचून दाखवतात, जाहिरातींसकट. ही नौका कुठेही जाणार नाही!"

"काकू, कायद्याने..."

"काकू घरी असते. इथे मी कर्मचारी!"

"आणि तुम्ही ओरडताना आ फार मोठा करता," डॉक्टर शांतपणे अधिकाऱ्याला म्हणाले. "उजवीकडची खालची दाढ किडलीय. इथून दिसतेय."

अधिकाऱ्याचा हात नकळत गालावर गेला. त्याच हाताने त्याने टगबोटीच्या सारंगाला खूण केली. धक्क्यावरच्या माणसांनी नौकेचे दोर सोडले, तिला अडकवलेला टगबोटीचा दोर ताणला.

"टाका नांगर!" कठड्यावरून कप्तानाचा क्षीण आवाज आला.

"आणि मंत्री?"

"मंत्री गेला खड्ड्यात!"

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी ब्रेक सोडला. साखळी गडगडत सुटली, तांबड्या धुळीचा लोट उठला, आणि नांगर धप्पकन खाली गेला. ब्रेक पहिल्या झटक्याला बसला. त्या वेळी हात थरथरत होते की नव्हते, सांगता येणार नाही. सगळी नौकाच थरथरत होती.

टगबोटीने जोर लावला. पाणी उकळलं, धूर झाला, दोर करकरला आणि फाटकन तुटला. नौका तसूभर हलली नाही.

"नांगराने पक्कं धरलंय, साहेब," सारंग घाम पुसत म्हणाला. "माझा बाप आला तरी हलणार नाही."

शिडीवरून उतरलेले सगळे आपलं काहीतरी वर राहिलं असं सांगत परत चढले. संध्याकाळी जावयाचा फोन आला. त्याने पहिल्यांदाच सासूला नव्हे, खुद्द सासऱ्याला विचारलं, "बाबा, जमवलंत कसं?"

"पकड," डॉक्टर म्हणाले. "दात असो की नांगर, सगळा खेळ पकडीचा."

हॉटेलला शेवटी दुसरा धक्का दिला. आठवड्याभराने बंदराचा पाणबुड्या तपासणीला खाली उतरला. नौकेचा तळ कंबरभर गाळात रुतलेला होता, ती कित्येक वर्षं तरंगतच नव्हती. नांगर शेजारी चिखलावर आडवा पडला होता आणि साखळी सैल होती.