कच्चे टाके

ही गोष्ट २००६ सालची. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या, आणि अकोल्याच्या बाजारात एकाच हातगाडीवर पणत्या आणि शेवया मांडलेल्या दिसत. नगमाला मात्र दोन्ही सणांची शुद्ध नव्हती. ती ढगांत अडकली होती.

"अजून ढगच?" दारात चपला काढता काढता जुईलीने विचारलं.

"सावली मागं राहून राहिली. ढग पुढं जाते अन् सावली मंग येते, वरातीत मागं पडलेल्या मामावानी."

"अवं, विमान चालवनारा मानूस सावल्या पाहीन का विमान सांभाळीन?"

नगमा हसली, पण पडद्यावरची नजर तिने काढली नाही. भांड्यांच्या दुकानावरच्या त्या खोलीत दोघी मिळून कॉम्प्युटरचा क्लास चालवत. जुईली हरिहर वकिलांची मुलगी. नगमा नबी पिंजाऱ्याची. अमरावतीला कॉलेजात दोघी एका बाकावर बसल्या आणि पुढे कुणी वेगळं बसवायला गेलं तरी बसल्या नाहीत. क्लास सुटला की रिकाम्या वेळात त्यांनी काही वर्षं खपून एक फ्लाइट सिम्युलेटर तयार केला होता, म्हणजे घरबसल्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा प्रोग्रॅम. नाव ठेवलं होतं 'उडान'. परदेशी सिम्युलेटरांत परदेशी शहरं असत. 'उडान'मधलं विमान अकोल्याजवळच्या शिवणीच्या धावपट्टीवरून उठे, रेल्वेचे रूळ धरून मूर्तिजापूरवर जाई, तिथे खाली शकुंतला नावाची चिमुकली रेल्वेगाडी सुरवंटासारखी सरकताना दिसे, आणि परतवाडा मागे पडला की समोर मेळघाटचे निळे डोंगर उभे राहत.

पुण्याचं एक कॉम्प्युटरचं मासिक आपल्या अंकाबरोबरच्या सीडीत 'उडान' द्यायला तयार झालं होतं. ईदनंतरच्या आठवड्यात पाठवायचं, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असं त्यांनी कळवलं होतं. जुईलीचं म्हणणं, आहे तसं पाठवू. चुका लोकच सांगतील, आपण दुरुस्त करत जाऊ. नगमाचं म्हणणं, एकदा का लोक हसले की पुढचं चांगलं कुणी पाहत नाही. हा वाद पावसाळ्यापासून चालला होता, आणि आता दोघींनाही एकमेकींची वाक्यं पाठ झाली होती.

ते दिवस वऱ्हाडाला बरे नव्हते. लांबून कॅमेरेवाले येत, कुठल्यातरी शेतकऱ्याच्या घरातला हार घातलेला फोटो टिपत आणि निघून जात. क्लासला येणारी खेड्यांतली मुलं एकेक करून कमी होत होती, आणि का, ते विचारायचं कुणाला धाडस होत नसे. नगमा 'उडान' लावी तेव्हा मात्र वेगळंच वऱ्हाड समोर पसरे. तिथे कापूस बारा महिने फुटलेला असे. पूर्णा भरून वाहे. ऊन नेहमी सकाळचं. जुईलीने सुरुवातीला शेतांत काही माणसंही उभी केली होती, पण ती ओबडधोबड दिसत. हातपाय काड्यांसारखे आणि डोकी चौकोनी. नगमाने ती सगळी पुसून टाकली. माणूस नीट जमेल तेव्हा घालू, म्हणाली. एवढ्या मोठ्या आभाळाखाली तेव्हापासून कुणीच नव्हतं.

खरं पाहिलं तर हे सगळं एका माणसासाठी होतं, आणि ते जुईलीला ठाऊक होतं. नगमाचे अब्बा, नबीचाचा, हिवाळ्यात गाद्या-रजया भरत. पण तरुणपणी पावसाळा सरता सरता त्यांना दुसरं काम असे. तेव्हा बार्शीटाकळीकडच्या कपाशीवर विमानातून औषध फवारत. वरून पायलटला ओळ कळावी म्हणून शेताच्या टोकाला एक माणूस बांबूला पांढरं फडकं बांधून उभा राही. विमान थेट त्याच्यावर येई, डोक्यावरून घोंगावत निघून जाई, औषध दवासारखं अंगावर उतरे. मग तो मोजकी पावलं बाजूला सरकून पुन्हा फडकं उंच धरी. तो माणूस म्हणजे नबीचाचा. विमानाचं पोट त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल. एकदा त्यांनी धीर करून पायलटला विचारलं होतं, साहेब, एक डाव वर न्या. वरून आपलं शेत कसं दिसते ते पाहू द्या. पायलट भला माणूस होता. पुढच्या हंगामात नक्की, म्हणाला. पुढच्या हंगामात विमान आलंच नाही. फवारणीच बंद झाली.

ही गोष्ट ऐकत नगमा लहानाची मोठी झाली. अब्बा जिथे फडकं धरून उभे राहत ते बार्शीटाकळीचं शेत तिने 'उडान'मध्ये त्यांनाच विचारून विचारून काढलं होतं. नाला कोणीकडून येतो, धुरा म्हणजे शेताचा बांध कुठे वाकतो, विहीर कोणत्या कोपऱ्यात. ते सांगत, ती काढी. पण काढलेलं दाखवत नसे. कारण अब्बांचाच कायदा होता. दुकानात एखादं गिऱ्हाईक आपली गादी बघायला डोकावलं की ते वर चादर ओढत आणि म्हणत, अर्धं काम पाहू नका, एकदा गाठ दिसली का जन्मभर गाठच टोचन. नगमाने तो कायदा मनात पक्का बांधून ठेवला होता. अब्बा पाहतील ते शेवटच्या टाक्यापर्यंत झालेलं.

ईदच्या दिवशी जुईली शिरखुर्म्याला घरी आली. नबीचाचांनी नवा कुडता घातला होता आणि अत्तर जरा जास्तच झालं होतं. दुकानात बसून बसून त्यांची बोली वऱ्हाडी झाली होती; घरातली उर्दूसुद्धा त्यांच्या तोंडून वऱ्हाडी होऊनच निघे. जुईलीला त्यांनी विचारलं, वकीलसाहेबांची रजई अजून गरम हाय का नाई, का आता वकिली अंगावर घेऊन झोपतेत. जुईली हसत होती. नगमाही हसत होती, आणि हसता हसताच तिला दिसलं, की अब्बांनी वाटीकडे हात नेला तो वाटीच्या शेजारी टेकला. बोटांनी टेबल चाचपलं, मग वाटीचा काठ सापडला. बोलणं मध्ये कुठेही तुटलं नाही.

कोपऱ्यात अब्बांनी कुणाच्या लग्नासाठी शिवलेली एक रजई घडी घालून ठेवली होती. नगमा उठली आणि तिने ती उलगडली. सरळ धावणारी शिवण मध्येच कलली होती, ओढ्याच्या काठाने गुरांची वाट जावी तशी. तिच्या अम्मी, आयशाबी, तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दुधाखालचा गॅस उगाच बारीक करत राहिल्या.

अब्बांना मोतीबिंदू आहे असं नगमाला सांगितलं होतं; पण मोतीबिंदू नव्हता तो, काचबिंदू होता. थंडीत ऑपरेशन करू, असं घरात चाललं होतं तेही तिला सांगण्यापुरतं. डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते परत येत नाही. कडेकडून अंधार येतो आणि मधल्या जागेत जेवढं उरलं तेवढंच. फवारणीमुळे झालं का, म्हणून आयशाबींनी विचारलं होतं. त्यावर डॉक्टरांनी, तसं सांगता येणार नाही, एवढंच सांगितलं होतं.

"मले काहून नाई सांगितलं, अम्मी?"

"त्यायनंच मना केलं. म्हने, पोरीचं काम अर्ध्यावर हाय. झालं का सांगू."

बाहेर अब्बा जुईलीला तीच पायलटची गोष्ट पुन्हा सांगत होते आणि जुईली पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अब्बांना क्लासवर घेऊन आली. जिना चढताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आधार म्हणून नव्हे, लाडाने ठेवल्यासारखा. जुईलीने खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ओढली. अजून पुरं झालं नाही अब्बा, सावल्या चुकतात, झाडं सगळी एकसारखी आहेत, असं नगमा सांगत राहिली. त्यांनी मान हलवली आणि विमान उडवायचा दांडा मुठीत धरला, बांबू धरावा तसा.

विमान उठलं. तिने त्यांच्या हातावर हात ठेवून ते वळवलं. ते मान इकडून तिकडे फिरवत पडद्याचा एकेक तुकडा पाहत होते, दाराच्या फटीतून अंगण पाहावं तसे. रूळ ओळखले. नाला ओळखला. कापसाची पांढरी वावरं खालून सरकू लागली तेव्हा त्यांचा श्वास तिला ऐकू आला. तेवढ्यात वीज गेली. त्या काळात दिवसाकाठी ती कितीदा तरी जाई. पंखा थांबला, कॉम्प्युटरला जोडलेल्या बॅटरीची टीटी सुरू झाली.

"अब्बा, बंद करा लागन. बॅटरी लय वेळ टिकत नाई."

"थांब. आपलं शेत येऊ दे."

शेत आलं. धुरा वाकला होता तिथेच वाकला होता, विहीर आपल्या कोपऱ्यात होती. त्यांनी मान फिरवत शेताचे चारही कोपरे पाहिले. मग म्हणाले, "मानसं कोठी हायेत?"

"नाई टाकली, अब्बा. नीट जमत नव्हती."

"खाली कोनी नाई तं विमान कोनाच्या भरोशावर वळन?"

जुईली उठली. तिने बॅटरीवर चालू असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर काही शोधलं, पेनड्राइव्हवर घेऊन पळत येऊन इथे टाकलं, आणि पडदा विझून पुन्हा उजळला तेव्हा शेताच्या टोकाला एक माणूस उभा होता. काड्यांचे हात, काड्यांचे पाय, चौकोनी डोकं. पुसून टाकलेल्यांपैकीच एक. जुईलीने आपल्या जुन्या प्रतीत त्याला जपून ठेवलं होतं. हातातल्या काठीला तिने घाईघाईने एक पांढरा चौकोन चिकटवला होता.

नबीचाचा पडद्याला नाक लावून पाहू लागले. मग खुदकन हसले.

"हा तं मीच हाय. डोकं चौकोनी काहून केलं, बापा?"

"घाईत झालं, चाचा. नंतर गोल करतो," जुईली म्हणाली.

"राहू दे. वरून तसंच दिसत असन."

विमान त्याच्या डोक्यावरून गेलं, आणि त्याच क्षणी बॅटरी संपली. काळ्या पडद्यासमोर ते तसेच बसून होते, दांडा मुठीत. नगमा अपराध्यासारखी म्हणाली, थोडे दिवस द्या अब्बा, सगळं नीट करून पुन्हा दाखवते.

"एक डाव 'पुढच्या हंगामात' ऐकून झालं, बेटा," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "तू माह्यी गोष्ट अर्धीच शिकली. गिऱ्हाइकाले अर्धी रजई दाखवत नाई, खरं हाय. पन कच्चे टाके झाले का त्या रात्री आपन कोन्या रजईवर झोपतो? लहानपनी तू कोठी झोपत होती?"

तिला आठवलं. कच्च्या टाक्यांची रजई एक रात्र घरातलीच माणसं अंगाखाली घेत. कापूस बसतो, कुठे जास्त झाला कुठे कमी ते अंगाला कळतं; मगच अब्बा पक्की शिवण घालत. सैल धाग्यांत पायाची बोटं अडकू नयेत म्हणून अम्मी तिचे पाय ओढणीत गुंडाळी. नव्या कापसाचा तो वास, आणि आपण कुठेतरी वर तरंगतो आहोत असं वाटत येणारी झोप.

'उडान' त्याच आठवड्यात पुण्याला गेलं. ढगांच्या सावल्या मागेच होत्या.

लोक हसले. एका गृहस्थाने तर त्या चौकोनी डोक्याच्या माणसाला काढून कसं टाकायचं, ते विचारणारी ईमेल केली. पण लोकांनी चुकाही सांगितल्या, आणि पुढच्या खेपेला नगमाने सावल्या जागेवर आणल्या, झाडं वेगवेगळी केली, पूर्णेला उन्हाळ्यात आटू दिलं. शेतांत आणखी माणसं आली, नीट, गोल डोक्यांची. त्या एकाला तिने हात लावला नाही.

नबीचाचांची उरलेली नजर दोन हिवाळ्यांत गेली. त्यानंतरही ते बोटांनी चाचपत कच्चे टाके घालत आणि पक्की शिवण आयशाबी करत. एका वर्षी कापूस बाजारात यायच्या दिवसांत ते गेले, आणि आयशाबी त्यांच्यामागे फार राहिल्या नाहीत. जुईली पुण्याला एका मोठ्या कंपनीत आहे. तिथे दर थोड्या दिवसांनी काहीतरी अर्धं-कच्चं बाहेर सोडतात आणि कुणी हसत नाही, असं ती फोनवर सांगते. ते मासिक बंद पडलं. क्लासच्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे. शकुंतलाही थांबली; तिच्या रुळांत गवत उगवलं.

नगमा मूर्तिजापूरला शाळेत शिकवते. नव्या कॉम्प्युटरवर 'उडान' चालत नाही, म्हणून तिने क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर ठेवला आहे, रजईत गुंडाळून. हिवाळ्यात कधी सुट्टीच्या दिवशी ती तो उघडून लावते. शिवणीहून विमान उठतं, खाली छोटी गाडी सरकत असते, नाला येतो, धुरा वाकतो. शेताच्या टोकाला तो उभा असतो. विमान डोक्यावरून निघून गेलं की तो फडकं खाली घेतो, मोजकी पावलं बाजूला सरकतो, आणि पुन्हा हात उंच करून वर बघत थांबतो.