पेढ्याने तोंड फिरवलं

पेढ्याने वरणभाताच्या घासावरून तोंड फिरवलं आणि आमचं जेवणाचं टेबल एका ताटाएवढं लांबलं.

पेढा म्हणजे माझ्या सुनेचा, ऋजुताचा कुत्रा. या चातुर्मासात माझा नेम आहे : भुकेल्या जिवाच्या मुखी घास पडल्याशिवाय आपण जेवायचं नाही. आमच्या सोसायटीत भुकेलं असं कुणी सापडेना, म्हणून रोज पेढ्यावरच भागवत होते.

"आई, त्याचा मासा आलेला नाही ना, म्हणून रुसलाय तो," ऋजुता म्हणाली.

मी तूप वाढवून पुन्हा घास केला. पेढ्याने उशीवर कूस बदलली. टेबल खिडकीपर्यंत गेलं.

"जेवून घे गं," माझा मुलगा उन्मेष म्हणाला. "देवाला काय कळतंय?"

"देवाचं राहू दे, टेबलाला कळलंय," मी म्हटलं.

तिसऱ्या घासाला टेबल खिडकीतून बाहेर पडलं आणि मग काही थांबेना. मी नमस्कार केला, कारण अन्नाच्या जागी पाय लावायचा होता, आणि ताट घेऊन टेबलावरून चालू लागले. पोटात कावळे ओरडत होते.

टेबल समोरच्या शेवडेवहिनींच्या गॅलरीतून आरपार गेलं होतं. त्यांनी त्यावर गहू वाळत घातले होते. शेजारी त्यांची मांजर गळ्यात लाळेरं बांधून बसली होती.

"भूक आहे का हो कुणाला?" मी विचारलं.

"छे हो! हिने तर कालपासून मलईला तोंड लावलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "पण रिकाम्या हाताने नका जाऊ." त्यांनी माझ्या ताटात पुरणपोळी वाढली.

पुढेही तसंच. दोन्ही बाजूंना माणसं आणि त्यांची लाडकी जनावरं ढेकर देत बसली होती. "आत्ताच झालं हो," म्हणत प्रत्येकजण आग्रहाने काहीतरी वाढायचा. एका पोपटाने स्वतःच्या चोचीने काजू ठेवला. ताट दोन्ही हातांनाही पेलेना. मी हसून "पुरे, पुरे" म्हणत होते आणि वास घेऊन डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

शहर संपलं. समुद्रावर टेबल जरा ओलं होतं, तिथे साडी वर खोचली. खालून जहाजं जात होती.

पलीकडच्या टोकाला एक बाई बसली होती. तिच्यापुढे ताट होतं, घासूनपुसून लख्ख, त्यात काहीच नव्हतं. तिच्या गळ्याची हाडं दिसत होती.

"भूक आहे?" मी विचारलं.

"आहे की," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला! मी ताट टेकवलं, भात कालवला, वर लिंबू पिळलं आणि घास तिच्या ओठांशी नेला. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही जेवलात?"

"अजून नाही."

"तरीच! चेहरा बघा केवढासा झालाय." तिने माझ्याच ताटातून पुरणपोळीचा घास मोडला, तुपात बुडवला आणि माझ्यापुढे धरला. "आधी तुम्ही. माझाही नेम आहे."

"अहो, घ्या ना."

"तुम्ही घ्या."

तूप तिच्या मनगटावरून ओघळत होतं, माझ्याही. आम्ही दोघी हात पुढे करून बसलो होतो, ओठ घट्ट मिटून.