बटणांच्या बरणीतला पतंग

मी एक जुना पतंग आहे. मित्रांनो, मांजा शोधू नका. मी कण्हेरीवर जन्मलेला, पंखांचा पतंग आहे. पंखांचा फक्त म्हणायला, उडता येत नाही, त्याचीच ही गोष्ट.

आमचं गणगोत उष्ण देशांत दूरवर पसरलं आहे. काही जण तर उन्हाळ्यात समुद्र ओलांडून थंड मुलखात पाहुणे म्हणून जातात. कण्हेर, तगर, सदाफुली हे आमचं अन्न. इतरांना विष, पण आमच्या अळ्या त्यावर ताव मारतात.

शिंप्याच्या दुकानापुढच्या कण्हेरीवर मी अळी होतो. हिरवागार, आणि डोक्यामागे दोन निळे खोटे डोळे, पक्ष्यांनी घाबरावं म्हणून. शिंप्याची मुलगी घाबरली तर नाहीच, उलट तिने मला घरी न्यायचा हट्टच धरला. बाबांनी बटणांची बरणी रिकामी करून दिली, झाकणाला भोकं पाडली. ती रोज ताजी पानं घालायची आणि हात धुवायची. मला काही म्हणजे काही कमी पडलं नाही.

मग मी तपकिरी पडलो, खाणं सोडलं. ती रडकुंडीला आली. पण मी आजारी नव्हतो, मला कोष करायचा होता.

कोषातून निघालो तेव्हा पंख ओले, चुरगळलेले होते. अशा वेळी आम्हांला वर चढून मोकळं लटकावं लागतं, तरच पंख उलगडतात. काच गुळगुळीत, बरणी अरुंद. मी चढायचो आणि घसरायचो. मुलगी शाळेतून येईपर्यंत पंख तसेच वाळले.

शिंप्याने मला तळहातावर घेतलं. हिरव्याच्या कितीतरी छटा, मध्ये फिकट गुलाबी पट्टे.

"असं कापड माझ्या हाताखालून कधी गेलं नाही," तो म्हणाला.

"बाबा, हलकी इस्त्री फिरवली तर?"

"नाही गं बाळा. या चुण्या जात नाहीत." त्याने रिकामी बरणी उचलून पाहिली. "आयुष्यभर पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवले, आणि बरणी देताना नेमकं विसरलो."

आता ती मला कापसावर साखरपाणी देते. संध्याकाळी बोटावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत पळते. वारा लागला की पंख आपोआप थरथरतात. तेव्हा फार वाईट वाटतं, आणि बरंही वाटतं. तिचा राग नाही, तिने जीवच लावला होता.

माझे दिवस भरत आले आहेत. मित्रांनो, एखादा जीव पाळायचाच असेल, तर त्याला वाढत्या अंगाचं घर द्या. नाहीतर त्याच्या झाडावरच राहू द्या.

कण्हेरीवर नवी अळी आली आहे. मुलगी रोज तिला बघायला जाते, हात पाठीमागे बांधून.