उजवीकडची खुर्ची

परळच्या आमच्या चर्चमध्ये अभय ओहोळ दर शुक्रवारी संध्याकाळी ‘ख्रिस्त आणि देवाचं राज्य’ हा अभ्यासवर्ग घ्यायचा. ईश्वरविज्ञान शिकून नुकताच आलेला. माणसं शिकली की सुधारतात, यावर त्याचा अजून विश्वास होता.

वर्गात हुशार दोघंच. शिवडीच्या गोदीतून निवृत्त झालेले हेमचंद्र साळवी आणि माजी मुख्याध्यापक राजाराम गायकवाड. देवाचं राज्य आलंय की यायचंय, यावर दोघं तासन्‌तास वाद घालत. परीक्षेत प्रश्न आला : दोन शिष्यांच्या आईने मुलांसाठी येशूच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागितल्या, तेव्हा तो काय म्हणाला? मोठं व्हायचं असेल त्याने सेवक व्हावं, असं दोघांनी पानंच्या पानं लिहिलं. गुण सारखेच पडले.

घोळ तिथेच झाला. प्रमाणपत्रं द्यायला बिशप येणार होते आणि पहिल्या आलेल्याने त्यांच्या उजवीकडे बसायचं, असं कमिटीने ठरवलं होतं. हेमचंद्रांनी आपला मुळीच आग्रह नसल्याचं अभयला पुन्हा पुन्हा फोन करून कळवलं. राजारामांनी एकही फोन केला नाही. त्यांची पत्नी शांता मात्र हिंदमाताच्या बाजारातून साडी घेऊन परतताना सहज अभयच्या घरी आली.

“ह्यांना मानाची हौस नाही रे. पण डावीकडे बसवलंस तर मंडळीत बरं दिसत नाही.”

“मावशी, परीक्षेतला प्रश्न माहितीये ना तुम्हाला?”

“ह्यांनी उत्तर वाचून दाखवलं ना. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

शेवटी अभयने तोड काढली. राजाराम बिशपांच्या उजवीकडे आणि हेमचंद्र बघणाऱ्यांच्या उजवीकडे. दोघांनाही हे शास्त्राला धरून वाटलं.

ऐनवेळी बिशपांना ताप आला. मधली खुर्ची मोकळी राहिली आणि दोघंही तिच्याकडे बघू लागले. भांडण नको म्हणून अभय घाईघाईने तिच्यावर बसला. मग हेमचंद्र नम्रतेवर अर्धा तास बोलले. राजाराम त्याच विषयावर पाऊण तास.

खुर्च्या आवरायला मी आणि अभय थांबलो. तो मला म्हणाला, “वाईट एकाच गोष्टीचं वाटतंय. तिथे बसल्यावर बरं वाटलं.”

मी त्याला खालच्या टपरीवर चहा पाजला. यंदा वर्गाला दुप्पट नावं आली आहेत.