सोड म्हटलं की सोडायचं

आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमची फॉरवर्ड लाइन भारी का भिकार, ह्यावर स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगा फोडत कोणबी भाषण ठोकतंय. मी मुनव्वर, ह्या टीमचा कोच, आणि गडी कमी पडला तर खेळाडूबी. मला इचारा की. उजवीकडनं यशराज क्रॉस झकास टाकतोय. डावा विंगर नुसताच पळतोय. मधला गडी, संघर्ष त्याचं नाव, अंगानं दांडगा, पण गोल समोर दिसला की त्याचे पाय लटपटत्यात. असल्या लाइनीवर सेमी गाठायची म्हणजे दात कोरून पोट भरायचं.

तरी आमी जिंकत हुतो. माझा धाकटा भाऊ सोहेल आमचा खरा गोल मारणारा. थंडीत पेठ वडगावहनं येताना तो ट्रकखाली गेला, आणि त्यानंतर आमी जास्तच जिंकाय लागलो.

गोल सगळे एकाच तऱ्हेचे. यशराजचा क्रॉस येतोय, संघर्ष पाय उचलतोय, बॉल त्याच्या खालनं मोकळ्या जागेत जातोय. तिथं आमचं कोण नसतंय. आणि तिथनंच बॉल वळून जाळीत. मोबाईलवर कितीदा बघितलं, कुणाचा पाय लागला ते दिसत न्हाय.

एका सकाळी प्रॅक्टिसला संघर्षला धरला. "गोलसमोर बॉल सोडतोस व्हय रं?"

"भाई, 'सोड' म्हणून हाक येती की."

आमच्याकडं 'सोड' म्हणजे मागं मी हाय, तू बॉलला शिवू नगंस. हाक आली की पाय उचलायचा, मागं वळून बघायचं न्हाय. वळला त्याचा बॉल गेला. सोहेलनंच पोरांकडनं हे घोकून घेतलं हुतं.

"कुणाची हाक?"

संघर्ष बुटाची लेस बांधत बसला. "तुमाला येत न्हाय?"

यशराजला येत हुती. समोरच्या टीमच्या गोलकीपरनंबी ऐकलीती. सगळ्या पेठेत बोभाटा झालता, फक्त माझ्यापुढं कोण बोलत नव्हतं. मला, सख्ख्या भावाला, एकदाबी ऐकू आली नव्हती. खरं सांगतो, मेलेल्या पोराचा राग आला मला.

शेवटची लीग मॅच जिंकलो तर सेमी, बरोबरी झाली तर घरी. पेठेला सेमी पायजे हुती. मला सोहेल पायजे हुता. सीझन संपला की हाक कुठनं यायची? मी संघर्षला बसवला आणि त्याच्या जागी मीच उतरलो. "म्हातारा बैल जुपला बघा," पायऱ्यांवरनं कोणतरी वराडलं. वराडू दे.

मॅच संपत आली तरी गोल न्हाय. आणि यशराजचा क्रॉस सुटला. बॉल सरळ माझ्याकडं येत हुता.

"सोड."

कानामागं. धाप लागलेला, थोडा चिडलेला, आमचा सोहेल. एवढं स्टेडियम वराडत हुतं, मला त्याच्या श्वासाबिगर कायबी ऐकू येईना.

पाय उचलायचा हुता. एवढंच काम. आणि मी वळलो.

मागं कोण नव्हतं. मातीत बुटाचे ठसे उमटत माझ्याकडं येत हुते. मी बघितलं आणि ते जाग्यावर थांबले. बॉल माझ्या नडगीवर आपटून गोलकीपरच्या हातात गेला. श्वासबी बंद झाला.

बरोबरी. पेठेनं मला काय काय शिव्या घातल्या ते सांगत न्हाय.

घरात आता आमी दोघंच. अम्मी दारात उभी हुती. स्कोर तिनं इचारलाच न्हाय.

"आज तुला बोलला?"

"व्हय."

"काय म्हटला?"

"सोड म्हटला. मला सोडता आलं न्हाय, अम्मी."

तिनं माझ्या मागं अंधारलेल्या बोळात बराच वेळ बघितलं.

"मला तरी कुठं येतंय," ती म्हटली, आणि दार उघडंच ठेवून तीन ताटं वाढायला आत गेली.