अजिनाथच्या दारची हाक

“मावशी, दारापुढं मारता तीच हाक स्टेजवर मारायची. दुसरं काय न्हाई,” ग्रामसेवक गोरक्षनाथ म्हणाला.

“भाऊसाहेब, ती दारातली हाक हाय. मांडवात कुनाला मारू?” कडूबाईने विचारले.

“लोकं ‘हाय’ म्हंत्याल की. तालुक्याचा वारसा दिन हाय. गावाचं नाव हुईल.”

दिवाळीनंतर पाथर्डीकडच्या त्या गावातली ऊसतोडीला जाणारी घरे बंद होत आणि किल्ल्या कडूबाईकडे राहत. दिवेलागणीला ती प्रत्येक बंद दारापुढे पाणी शिंपडी, घरच्या माणसाला नावाने हाक मारी आणि त्याच्या वतीने स्वतःच ‘हाय’ म्हणे. आवाज न ऐकलेले घर आपल्या माणसांना विसरते, अशी समजूत होती. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. परंतु ज्याने अख्खा हंगाम रिकाम्या गल्लीत काढलेला नाही, त्याच्या मताला येथे किंमत नाही.

एका दारापुढे मात्र ती उत्तर देत नसे. ते दार तिच्या मुलाचे, अजिनाथचे. तो गेल्या हंगामात तोडीच्या तळावरून, पाचटाच्या कोपीतून उठून गेला, तो परतलाच नव्हता. त्याला हाक मारून ती थांबे. ते उत्तर त्याचे त्यानेच द्यायचे होते.

तिने होकार दिला. पण अजिनाथचे नाव घेणार नाही, असे बजावूनच.

मांडवात फेटे बांधलेले पाहुणे आणि शाळेची मुले बसली होती. “भिमाजी!” “हाय!” मांडव गरजला. “छबूबाई!” “हाय!” लोकांना मौज वाटू लागली. नावे तिच्या जिभेवर गल्लीतल्या दारांच्या क्रमाने बसलेली. जिथे पाय अडावेत असे दार मात्र समोर नव्हते.

“अजिनाथ!”

सवयीने ती गप्प राहिली. मांडव राहिला नाही.

“हाय!” पाठोपाठ टाळ्या.

सायंकाळी मांडवाचे सामान भरून टेम्पो गेला, तेव्हा ती नेहमीप्रमाणे गल्लीत निघाली. भिमाजीचे दार झाले, छबूबाईचे झाले. अजिनाथच्या दारापुढे तिने पाणी शिंपडले, हाक मारली आणि थांबली.

“हाय.”

उत्तर कुलपाआडून आले. बायका, पुरुष, मुले, मांडवातल्यासारखी सारी एकदम. मात्र अगदी हळू, दाराला तोंड लावून बोलावे तशी. त्या आवाजांत तिने एक आवाज शोधला. तो नव्हता.

“बरं,” ती दाराला म्हणाली. “ऱ्हावा तुमी.”

जुडग्यातली त्या दाराची किल्ली सोडवून तिने उंबऱ्यावर ठेवली आणि पदर सावरला. पुढचे दार बनुबाईचे होते. तिथे तिने पाणी शिंपडले, हाक मारली आणि आतून कोणी बोलण्याआधी घाईने स्वतःच ‘हाय’ म्हणाली.