तांबोशीचं डोकं

सेनीमिलीनं खोवणीवर बसकण मारली, अर्धा नारळ दात्यांवर धरला आणि समोर उकिडव्या बसलेल्या नातीला म्हणाली,

"बघत काय बसलीस? पिळ."

सात वर्षांच्या केलेरानं खोवलेलं खोबरं फडक्यात घेतलं आणि दाबलं. बोटांतून चार थेंब गळले.

"हे पिळणं? मांजराला गोंजारतेस का? तुझ्या बापाचा कान समजून पिळ."

"बाबा तर ऑस्ट्रेलियात आहे."

"मग तिथं ठणकेल एवढा पिळ."

केलेरा हसली आणि हसता हसता तिनं असं पिळलं की दूध हातावरून कोपरापर्यंत ओघळलं. सेनीमिलीनं मान हलवली. तिच्या मान हलवण्यापलीकडे शाबासकी या स्वयंपाकघरात कुणाला मिळालेली नव्हती.

चुलीवर तांबोशी होती. भाच्यानं पहाटेच्या भरतीला जाळं टाकून आणलेली, हातभर लांब. अंगाचे तुकडे वेगळे, डोकं अख्खं. डोकं घरातल्या वडीलधाऱ्याचं, आणि या घरात वडीलधारं कोण हे विचारायची कुणाची टाप नव्हती. सेनीमिलीनं नारळाचं दूध ओतलं, कांदा टाकला, एकदा उकळी येऊ दिली आणि भांडं उतरवून झाकण ठेवलं.

पलीकडे घरात सून असिनाते सोलोचे कपडे पिशवीत भरत होती. सेनीमिलीला इथून पिशवीची चेन ऐकू येत होती. एकदा लागली, उघडली, परत लागली.

सोलो चार वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी त्याचा बाप इलाइतिया फळं तोडायच्या कामाला गेला आणि पोरानं खाणं टाकलं. कसाव्याचा कोरडा उकडलेला कंद, बिस्किट, बस. या घरात मासा रोज, आणि माशाची ताटली दिसली की सोलोचे ओठ मिटलेच. नर्सनं दोनदा वजन केलं आणि दोन्ही वेळा असिनातेकडे बघितलं. सेनीमिलीनं पाच पोरं वाढवली होती, एकाच्याही ताटात कधी शीत राहिलं नव्हतं. तिनं सगळे उपाय केले. "होडी आली रे, बंदर उघड," म्हणत घास पुढे नेला.

"बंदर बंद आहे," सोलो म्हणाला होता.

मग काल असिनाते म्हणाली,

"बू, शनिवारच्या ट्रकनं सोलोला माझ्या आईकडे नेते. वर डोंगरात कदाचित खाईल." मुलं आजीला बू म्हणायची, म्हणून सूनही बू म्हणायची.

"कधीपर्यंत?"

"खायला लागेपर्यंत."

सेनीमिली हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिनं घासलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं. तिचं असं गप्प राहणं म्हणजे नाहीच, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. असिनातेलाही ठाऊक होतं, आणि तरी आज ती पिशवी भरत होती. शनिवार उद्याच होता.

डोंगरात गेलेली पोरं सेनीमिलीनं पाहिली होती. वर्षानं खाली येतात आणि भरती कुठली, ओहोटी कुठली हे विचारतात.

ती लिंबं काढायला परसात गेली. लिंबांबरोबर मिरच्या तोडल्या, मिरच्यांबरोबर शेजारच्या वासितीशी दोन शब्द झाले, दोनाचे वीस झाले. परत येऊन झाकण उघडलं तर रस्सा होता, तुकडे होते, डोकं नव्हतं.

"वासिती!" ती कुंपणावरून ओरडली. "बांध तुझा तो कुत्रा! झाकणाखालून माझं तांबोशीचं डोकं पळवलंन!"

"माझा कुत्रा?" पलीकडून आवाज आला. "आणि जाताना झाकण ठेवून गेला का गं? मग तो मला दे परत, माझ्या घरी कुणी ठेवत नाही झाकण!"

सेनीमिलीला उत्तर सुचलं होतं, पण तेवढ्यात तिला जमिनीवर पांढरे थेंब दिसले. चुलीपासून दारापर्यंत, दारातून वाळूवर, वाळूवरून खाली खारफुटीकडे. नारळाचं दूध. कुत्रा थेंब सांडत नाही, चाटतो. ती थेंबांमागून निघाली.

सोलो पाण्याच्या कडेला गुडघाभर चिखलात उभा होता. बनियन काढून त्यानं त्यात डोकं गुंडाळून आणलं होतं. आता ते दोन्ही हातांनी पाण्याखाली धरलं होतं आणि हळूहळू पुढे ढकलत होता.

"काय चाललंय रे?"

"सोडतोय त्याला."

"शिजलेला मासा पोहतो होय?"

सोलोनं विचार केला. "नुसतं डोकंच आहे. बाकीचं आत गेल्यावर सापडेल त्याला."

"आणि सोडायचा कशाला? तुझ्या बूनं सकाळपासून खपून शिजवलाय."

"तो आला की आई बाहेर जाते."

सेनीमिली चिखलाच्या कडेशी थांबली.

"बाबा पण जायचा," सोलो पाण्याकडे बघत म्हणाला. "मग एकदा परत आलाच नाही."

असिनाते डोंगरची, सेनीमिली किनाऱ्याची. डोंगरच्या माणसासमोर किनाऱ्याच्या माणसानं मासा खायचा नाही, आणि किनाऱ्याच्या माणसासमोर डोंगरच्यानं डुक्कर खायचं नाही, हे पणज्या-खापरपणज्यांपासूनचं. पोरंटोरं सोडून सगळ्यांना लागू. चुकलं त्याच्याकडे समोरच्यानं दंड मागायचा. मागेल ते द्यायचं, नाही म्हणायची सोय नाही, आणि वर गावभर हसं. सेनीमिलीच्या चुलतबहिणीनं एका लग्नात खांबाआड बसलेला डोंगरवाला न बघता माशाचा तुकडा तोंडात टाकला. चार चटया गेल्या. त्याला तीस वर्षं झाली, पण लोक तिला अजून चार चटयाच म्हणतात. सेनीमिलीला डोंगरची सून आली तेव्हा सगळं गाव आता ही कधी सापडते याची वाट बघत बसलं. आठ वर्षं झाली, अजून बघतंय.

कशी सापडणार? माशाचं डोकं सासूपुढे ठेवलं की असिनाते आपलं ताट उचलून बाहेर पायरीवर जायची. काटे गोळा झाले की आत यायची. इलाइतिया घरी असताना तोही आपलं ताट घेऊन मागोमाग जायचा आणि मासा सोडून कसावा आणि अळूची पानं खात तिच्या शेजारी बसायचा. सेनीमिलीला ते दिसायचं आणि त्यात तिला काही दिसायचं नाही. रीत ती रीत. मासा ती सोडणार नव्हती, म्हणजे उठायचं कुणी हा प्रश्नच नव्हता.

तिनं कमरेला गुंडाळलेला सुलू गुडघ्यावर खोचला, चिखलात उतरली, सोलोच्या हातातून डोकं घेतलं आणि तिथंच खळबळून धुतलं.

"त्याला जायचं होतं," सोलो म्हणाला.

"त्याला काही कळत नाही. चल, मला भूक लागलीय."

घराशी येताना ती पायरीपाशी थांबली. तिसरी पायरी उजव्या अंगाला गुळगुळीत झाली होती, एका माणसाच्या बसण्याएवढी. तिच्या शेजारी आणखी एका माणसाएवढी, जरा कमी. आठ वर्षं ही पायरी सेनीमिलीनं रोज झाडली होती.

केलेरानं चटई अंथरली. डोकं पुन्हा रश्शात गरम झालं, वर लिंबू पिळलं. समुद्रातून आलेलं समुद्रात बुडालं, त्यात बिघडायचं काय? असिनातेनं ते नेहमीसारखं सासूपुढे ठेवलं, आपलं कसाव्याचं ताट उचललं आणि दाराकडे वळली.

"बस," सेनीमिली म्हणाली.

"बू, मासा आहे."

"मला डोळे आहेत. त्यालाही आहेत. बस म्हटलं ना."

असिनाते बसली, चटईच्या कडेला, उठायच्या तयारीत असल्यासारखी. सेनीमिलीनं डोळे मिटून प्रार्थना म्हटली. एरवी तिच्या प्रार्थनेत जेवण गार व्हायचं, आज ती दोन ओळींत आटपली. मग तिनं तांबोशीचा गाल बोटांनी सोडवला, सगळ्यात गोड घास तोच, आणि सुनेच्या डोळ्याला डोळा देऊन तोंडात टाकला. चावला. घाई केली नाही.

केलेराचा हात ताटावर तसाच राहिला.

"बू! तू मासा खाल्लास! आईसमोर!"

"काय झालं गं?" कुंपणापलीकडून वासिती.

"बूनं आईसमोर मासा खाल्ला!"

पलीकडे काहीतरी पत्र्याचं खाली पडलं आणि बराच वेळ गोल फिरत राहिलं.

"ऐकलं गावानं," सेनीमिली बोटं चाटत म्हणाली. "आता माग. चटया पेटीत आहेत. चांगल्या तळाशी आहेत, वरच्या घेऊन फसू नकोस." मग दाराजवळच्या पिशवीकडे न बघता म्हणाली, "आणि दुसरं काही मागायचं असेल तर तेही माग. मला नाही म्हणता येत नाही."

असिनातेनं मात्र पिशवीकडे बघितलं. चेनमधून सोलोच्या स्वेटरची बाही बाहेर आली होती. डोंगरात थंडी असते.

सोलो आईकडे बघत होता. मग माशाकडे. मग पुन्हा आईकडे. ती तिथंच होती. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. ती अजून तिथंच होती. त्यानं हात पुढे केला, कपाळावरचा एक बारीक तुकडा काढला आणि तोंडात घातला. मग आणखी एक.

केलेरा काहीतरी बोलणार होती. सेनीमिलीनं तिच्याकडे असं बघितलं की तिनं पटकन घास तोंडात कोंबला.

असिनातेच्या ताटातल्या कसाव्यातून अजून वाफा येत होत्या. तिनं एक घास घेतला, फुंकर मारली, आणि पाय मोडून नीट बसली.

"डुक्कर," ती म्हणाली.

"काय?"

"दंड. आठ वर्षं या घरात मी डुक्कर खाल्लेलं नाही. परवा रविवार. प्रार्थनेहून आल्यावर डुकराचा पाय भाजायचा. मी खाणार, आणि तुम्ही समोर बसायचं."

"पण आई, ट्रक तर उद्याच—" केलेरा म्हणाली.

"कान पिळीन," सेनीमिली म्हणाली. ती सुनेकडे टक लावून बघत होती, बाजारात मासा ताजा की शिळा हे बघतात तशी. "माझ्यासमोर डुक्कर खाल्लंस तर मीही दंड मागेन हो. माझा तयार आहे."

"ठाऊक आहे," असिनाते पिशवीकडे बघत म्हणाली.

सेनीमिलीनं ताटली फिरवली आणि तांबोशीचा दुसरा गाल सोलोच्या बाजूला केला.

"मग मोठा पाय आण," ती म्हणाली. "हाडासकट."